उपग्रहाची गोधडी

वैशाखात जळगाव-धुळ्याकडचा माणूस पत्र्याखालून उठून धाब्याच्या घरात शिरतो; मातीचा जाड थर ऊन अडवतो, हे तुम्ही जाणताच. पण 5 मे 2005 रोजी नकाशांसाठी सोडलेल्या कार्टोसॅट-1 वर माती कशी चढवणार? तिथे हवाही नाही. उष्णता येते-जाते ती केवळ किरणांनी. सुमारे 97 मिनिटांच्या फेरीत आधी ऊन, मग पृथ्वीची गार सावली. दुर्बीण किंचित जरी वाकली, तरी आपला बांध चित्रात पुसट! म्हणून अशा उपग्रहांवर अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पातळ पापुद्र्यांची गोधडी घालतात. प्रत्येक पापुद्रा किरण परतवतो; मधल्या जाळीमुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. सावलीत छोटे विजेचे तापक ऊब देतात. आणि यंत्रांची स्वतःची धग? तिच्यासाठी गोधडीत आरशासारखी खिडकी सोडावी लागते, शक्यतो सूर्याकडे पाठ केलेली.