हरळी राखा, लव्हाळा काढा

पावसाळ्यात हरळीच्या हिरवळीत लव्हाळा माजतो. त्याची दांडी बोटांत फिरवली की तीन कडा हाताला लागतात. नुसता उपटला तर जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो. म्हणून ओल असताना खुरप्याने गाठींसकट काढावा. पाणी साचू देऊ नये, कारण लव्हाळ्याला ओल मानवते. हिरवळ अगदी मुळाशी कापू नये; उघड्या जमिनीवर तणांचे बी रुजते.

ग्लायफोसेट फवारू नये, त्याने हरळीही मरते. २,४-डी रुंद पानांच्या तणांसाठी आहे. लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल चालते आणि ते हरळीला सोसते. प्रमाण मात्र डब्यावरचेच घ्यावे.

हरळी म्हणजेच आपली दूर्वा. गणपतीसाठी जिथून खुडायची, तिथे औषध नको. तेवढा भाग हातानेच निंदावा.