समुद्रातल्या गॅसचा मालक कोण? एन्रॉन गेली, शेल आली, पण पन्ना-मुक्ता-ताप्ती कुणाचं होतं?

पुण्यात सीएनजी पंपावर रिक्षांची रांग रोजचीच. अनेक सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाचा गॅसही आता पाइपमधून येतो. दोन्हीकडे बिलावर नाव असतं महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचं, म्हणजेच एमएनजीएलचं. पण एमएनजीएल जमिनीतून किंवा समुद्रातून गॅस काढत नाही. ती गॅस विकत घेते आणि शहरात पोचवते.

यातला काही गॅस परदेशातून द्रवरूपात जहाजाने येतो, काही देशातला असतो. पाइपमध्ये सगळा एकत्र होतो, त्यामुळे तुमच्या शेगडीतला गॅस नेमक्या कोणत्या विहिरीतला हे सांगता येत नाही. देशातल्या गॅसचा मोठा स्रोत मात्र आपल्याच किनाऱ्यासमोर, अरबी समुद्रात आहे.

मग समुद्राखालचा हा गॅस कुणाच्या मालकीचा?

राज्यघटना काय म्हणते?

घटनेच्या कलम २९७ नुसार सागरी हद्दीतल्या आणि २०० सागरी मैलांपर्यंतच्या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या समुद्रतळाखालची खनिजं केंद्र सरकारच्या ताब्यात असतात. किनाऱ्यावरच्या राज्याच्या नाहीत आणि कंपनीच्याही नाहीत.

म्हणूनच आसाम किंवा गुजरातमध्ये जमिनीवर तेल निघालं की रॉयल्टी त्या राज्याला मिळते, पण मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेल आणि गॅसची रॉयल्टी केंद्राकडे जाते. महाराष्ट्राच्या हातात असतो तो गॅसच्या विक्रीवरचा व्हॅट. हा व्हॅट राज्याने १ एप्रिल २०२२ पासून १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला.

मग कंपन्यांकडे काय असतं?

कंपन्यांना मिळतो तो ठरावीक मुदतीसाठी गॅस काढण्याचा हक्क. हे समजून घ्यायला पन्ना, मुक्ता आणि ताप्ती या तीन क्षेत्रांचं उदाहरण उत्तम आहे.

बॉम्बे हायमध्ये १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने तेल शोधलं. त्यानंतर ओएनजीसीने याच समुद्रात आणखी क्षेत्रं शोधली. पन्ना, मुक्ता आणि ताप्ती त्यातलीच. पण समुद्रात प्लॅटफॉर्म उभारायचे, विहिरी खणायच्या, समुद्रतळावरून पाइप टाकायचे, तर प्रचंड पैसा लागतो. १९९१ च्या आर्थिक संकटानंतर सरकारने सापडलेली काही क्षेत्रं खासगी कंपन्यांना द्यायचं ठरवलं.

डिसेंबर १९९४ मध्ये २५ वर्षांचा करार झाला. ओएनजीसीला ४० टक्के, रिलायन्सला ३० टक्के आणि अमेरिकेच्या एन्रॉनला ३० टक्के वाटा मिळाला. हीच ती दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्रात गाजलेली एन्रॉन.

डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. तिचा ३० टक्के वाटा २००२ मध्ये ब्रिटनच्या बीजी कंपनीने घेतला. २०१६ मध्ये बीजीलाच शेलने विकत घेतलं. एका वाट्याचे असे तीन मालक झाले. पण विकला गेला तो करारातला वाटा. समुद्राखालचा गॅस कुणी कुणाला विकला नव्हता.

भांडण कशावरून झालं?

या कराराचा हिशोब असा होता : गॅस आणि तेल विकून आलेल्या पैशातून कंपन्यांनी आधी आपला खर्च वसूल करायचा. उरलेला नफा सरकार आणि कंपन्यांनी वाटून घ्यायचा. गुंतवणुकीच्या तुलनेत कमाई वाढत जाईल, तसा सरकारचा वाटाही वाढणार.

मेख इथेच आहे. खर्च जितका जास्त दाखवला जाईल, तितका सरकारचा मोठा वाटा पुढे ढकलला जातो. म्हणून करारात खर्चवसुलीवर मर्यादा होती. ताप्तीसाठी ५४.५ कोटी डॉलर आणि पन्ना-मुक्तासाठी ५७.७५ कोटी डॉलर. कोणता खर्च यात धरायचा, मर्यादा वाढवायची का, कर आणि रॉयल्टी कशी मोजायची, यावरून वाद पेटला. २०१० मध्ये प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं. २०१६ मध्ये अंशतः निवाडा आला. त्याच्या आधारे सरकारने कंपन्यांकडे सुमारे ३.८५ अब्ज डॉलरची मागणी केली. कंपन्यांनी ती मान्य केली नाही आणि वाद लंडन व दिल्लीच्या न्यायालयांपर्यंत गेला.

मालकी कागदावर स्पष्ट असली, तरी मालकाच्या हातात किती पैसे पडणार हे कराराच्या बारीक अक्षरांत ठरतं, ते असं.

आंध्रच्या किनाऱ्यासमोरच्या केजी-डी६ गॅसवरून अंबानी बंधूंमध्ये वाद झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेही मे २०१० मध्ये हेच सांगितलं. गॅस ही देशाची संपत्ती आहे, त्यामुळे दोन भावांमधल्या खासगी समझोत्याने त्याचा भाव ठरू शकत नाही.

शेवटी क्षेत्रांचं काय झालं?

ताप्तीमधला गॅस २०१६ पर्यंत संपत आला आणि उत्पादन थांबलं. तिथले जुने प्लॅटफॉर्म काढणं हे भारतातलं समुद्रातलं अशा प्रकारचं पहिलं मोठं काम ठरलं. पन्ना-मुक्ताचा करार २१ डिसेंबर २०१९ ला संपला आणि ते क्षेत्र पुन्हा ओएनजीसीकडे आलं.

खर्चाच्या वादांमधून सरकारनेही धडा घेतला. २०१६ च्या नव्या धोरणात खर्चवसुलीची पद्धत सोडून दिली. आता कंपनीने थेट उत्पन्नातला वाटा सरकारला द्यायचा असतो, खर्च किती झाला हा तिचा प्रश्न.

पुणेकरांचा यात काय संबंध?

संबंध बिलाचा आहे. ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांमधल्या गॅसचा भाव एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या किमतीच्या १० टक्के धरला जातो. त्यावर सरकारने कमाल मर्यादाही घातली आहे. वाहनांचा सीएनजी आणि घरगुती पाइप गॅस यांना हा स्वस्त गॅस प्राधान्याने मिळतो. पण तो पुरत नाही, तेव्हा शहरातल्या गॅस कंपन्यांना महागडा गॅस घ्यावा लागतो आणि पंपावरचा दर वाढतो.

त्यामुळे समुद्रातलं एखादं क्षेत्र आटलं किंवा नवं सुरू झालं, तर त्याचा परिणाम रिक्षाच्या टाकीपर्यंत पोचतो. कंपनीचं नाव बदलत राहतं, मालक मात्र देशच असतो.