चौथं बटण

गुरुवार, १५ जानेवारी २०२६. संक्रांत कालच झाली आहे, विजेच्या तारांना फाटके पतंग लटकताहेत. जुन्या नाशकातल्या एका उर्दू शाळेच्या व्हरांड्यात मतदारांची रांग सरकते आहे. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली आणि तेव्हापासून प्रशासक बसला. "गटार तुंबली तर सांगायचं कुणाला? चार वर्षं तेच विचारतोय," माझ्या पुढचे चाचा पुटपुटतात.

खोलीत चार जागांच्या चार मतपत्रिका यंत्रांवर लावल्या आहेत. अ पांढरी, ब गुलाबी, क पिवळी, ड निळी. बोटावर मार्करची रेघ ओढून घेऊन एक वयस्कर खाला पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातात. एक बटण, दुसरं, तिसरं. मग शांतता. यंत्र काही वाजत नाही.

"मावशी, एक राहिलं."

"तीन दिये ना, साहेब!"

"चौथंही दाबावं लागतं. कुणीच नको असेल तर नोटा आहे शेवटी."

"चौथा कौन है? मी तर वळखतच नाय."

रांगेत हशा पिकतो. मला मात्र खालांचा प्रश्न अगदी रास्त वाटतो. नाशकात १२२ जागा आहेत आणि प्रभाग फक्त ३१. त्यातले दोन प्रभाग तीन सदस्यांचे, बाकी सगळे चारचे. २०११ च्या जनगणनेनुसार चार सदस्यांच्या एका प्रभागात सरासरी अठ्ठेचाळीस हजारांवर लोक येतात. जो मोहल्ला स्वतःच्या बळावर एक नगरसेवक निवडून आणू शकला असता, तो शेजारच्या मोठ्या वस्त्यांत मिसळला की प्रभागात ज्यांचं बहुमत, त्यांच्याच पारड्यात चारही जागा पडू शकतात. बरं, रचना तरी एक कुठे राहते? २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ पासून चौघांचा. सरकारच्या मनात आलं की नकाशाही बदलतो.

अखेर लांब शिट्टी वाजते. खाला बाहेर येतात. चौथं मत कुणाला, ते त्या सांगत नाहीत, मीही विचारत नाही.

शंभर मीटरच्या रेषेपलीकडे मतदारांच्या चिठ्ठ्या शोधून देणारा एक तरुण कार्यकर्ता या पद्धतीची बाजू घेतो. "पॅनेल असलं की पक्षाला आमचा एक माणूस घ्यावाच लागतो. त्याला मग बाकीच्या वस्त्याही मतं देतात. एकट्याला गल्लीबाहेर कोण विचारतं?"

मत देऊन आलेले चाचा थांबतात. "घेतात ना. पण आमचा माणूस कोण, ते ठरवतं कोण? ज्याच्या हातात पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म, तो!"

दोघांचंही खरं आहे, पण माझं मत चाचांच्या बाजूनं पडतं. धर्माच्या आधारावर राखीव जागांचा विचार घटना समितीनं १९४९ मध्येच सोडून दिला. मुस्लिमांतल्या बऱ्याच कारागीर जाती ओबीसींत आहेत, तेवढी एक वाट उरते; तीही सोडतीत जागा निघाली तर. अशा वेळी प्रभाग कसा आखला जातो, यावरच बरंचसं अवलंबून असतं. युरोपात १९९९ मध्ये स्वीडनमधल्या लुंड शहराच्या नावानं ज्या शिफारशी निघाल्या, त्यांत तज्ज्ञांनी हेच नोंदवलं होतं: अल्पसंख्याक एका भागात एकवटून राहत असतील तर एकसदस्यीय मतदारसंघ त्यांना पुरेसं प्रतिनिधित्व देऊ शकतात.

आजच मुंबईतही मतदान चालू आहे. तिथे २२७ प्रभाग आहेत, प्रत्येकात एक नगरसेवक आणि मतदाराला एकच बटण. कसाऱ्याचा घाट उतरल्यावर जे चालतं, ते घाटावर का चालू नये? पुढच्या प्रभागरचनेवर हरकती मागवतील तेव्हा नाशिककरांनी हा प्रश्न लेखी द्यावा, आणि तो फक्त जुन्या नाशकातून जाऊ नये.