शस्त्र तहकूब: गुदाशयाचा कर्करोग आणि चित्राची साक्ष

गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर रुग्णाच्या तोंडून पहिला प्रश्न बहुधा आयुष्याच्या मुदतीचा निघतो, आणि दुसरा, अंमळ दबक्या आवाजात विचारलेला, पोटावरील पिशवीचा. त्या पिशवीचा धाक निराधार नव्हता. 1908 साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी पोटाकडून व गुदमार्गाकडून अशा दोन्ही बाजूंनी जाऊन संपूर्ण गुदाशय काढून टाकण्याची जी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तिच्या योगे रोग आटोक्यात येई, परंतु मलमार्ग कायमचा पोटावर येई. पुढे 1982 साली बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचे मेदाचे वेष्टन अखंड सोडवून काढण्याचा आग्रह धरला, आणि त्या वेष्टनाच्या कडेशी गाठ किती भिडली आहे हे आधीच पाहण्याची गरज निर्माण झाली. एमआरआयला येथे मानाचे स्थान मिळाले ते त्यामुळेच. मर्क्युरी या नावाने ओळखल्या गेलेल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासाने, गाठ आणि शस्त्रक्रियेची कड यांत एक मिलिमीटरहून अधिक अंतर राहील की नाही याचा अंदाज चित्रावरून भरवशाने बांधता येतो, हे दाखवून दिले.

येथवर चित्राचे काम सुरीला वाट दाखवण्याचे होते. पण सुरी मुळी उचलावीच का, हा प्रश्न साओ पाउलोहून आला. आंजेलिता हाब्र-गामा यांनी 2004 साली 265 रुग्णांची हकीकत मांडली. किरणोपचार व केमोथेरपी यांनंतर त्यांतील 71 जणांच्या गाठीचा मागमूस उरला नव्हता, आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया न करता केवळ नजर ठेवण्यात आली होती. शल्यविशारदांच्या जगात यावर बरेच वादंग माजले, व ते स्वाभाविकही होते. कारण काढलेला गुदाशय सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो, न काढलेल्याची खातरजमा मात्र बाहेरूनच करावी लागते.

ही खातरजमा कशी होते, ते जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे. एमआरआयच्या नेहमीच्या चित्रात मेद उजळ दिसतो, स्नायू काळसर, आणि जिवंत गाठ त्या दोहोंच्या मधल्या करड्या छटेची. उपचारांनी गाठ मेली की तिच्या जागी तंतूंचा व्रण भरून येतो व तो गडद काळा दिसतो. या काळेपणाच्या प्रमाणावरून प्रतिसादाच्या पाच श्रेणी ठरवल्या आहेत. परंतु त्या काळ्या व्रणात करड्या पेशींची चार-दोन बेटे लपून राहिली, तर साधे चित्र ती दाखवील याची हमी नाही. म्हणून पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या दुसऱ्या चित्राची जोड घेतात. पेशींच्या दाटीत पाणी अडखळते, तेथे चित्र चमकते. तरीही गोंधळ संपत नाही: गुदाशयातील हवेने चित्र विस्कटते (सबब तपासणीपूर्वी छोटा एनिमा देण्याची पद्धत पडली आहे), आणि श्लेष्मल गाठींत उरलेला चिकट द्रव उजळच दिसत राहतो, त्यात पेशी आहेत की नाहीत हे चित्र सांगत नाही. लसिकाग्रंथींचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. आखूड बाजूने पाच मिलिमीटरहून लहान झाल्या की डॉक्टर बहुधा निश्चिंत राहतात.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक आकडे यशाचे नसून रोग परतण्याचे आहेत. शस्त्रक्रिया न करता केवळ नजरेखाली ठेवलेल्या, अनेक देशांतील 880 रुग्णांची नोंद 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. दोन वर्षांत सुमारे चौथ्या हिश्शाला गाठ पुन्हा उगवली. उगवलेल्यांपैकी 88 टक्क्यांना पहिल्या दोन वर्षांतच, आणि 97 टक्क्यांना आतड्याच्या भिंतीतच. म्हणजे ज्या जागी दुर्बीण पोहोचते आणि बहुतेक वेळा डॉक्टरांचे बोटही लागते, तेथेच. कोट्यवधींचे यंत्र कितीही पारखी असले, तरी बोटाची तपासणी व दुर्बीण यांना बाजूला सारून त्याच्या एकट्याच्या साक्षीवर फैसला करणे गैर ठरते, ते यामुळे. न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या बारा रुग्णांच्या गाठी केवळ दोस्तारलिमॅब या औषधाने संपूर्ण विरघळल्याचे 2022 साली जाहीर झाले, तेव्हाही एमआरआय, पेट स्कॅन, दुर्बीण, बोटाची तपासणी आणि बायोप्सी या सर्वांचा मेळ घालूनच तो निर्णय दिला गेला होता.

उपचार संपताच घाईने चित्र काढणेही इष्ट नसते; किरणांचा परिणाम पुढेही चालूच राहतो. आठ-बारा आठवड्यांनी पाहावे, आणि प्रतिसाद जवळजवळ पूर्ण पण संशय शिल्लक असा आढळला, तर निकाल आणखी काही आठवडे तहकूब ठेवावा, असा रिवाज आता रुजू लागला आहे. मात्र थांबणे याचा अर्थ पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी दुर्बीण आणि वरचेवर एमआरआय असा होतो. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या खेड्यातून मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयापर्यंत येणाऱ्या शेतकऱ्याला ही हजेरी पेरणीच्या हंगामातही चुकवता येत नाही. आणि ज्याला ती जमणारच नाही, त्याला पिशवीसह शस्त्रक्रियेचा सल्ला देणारा डॉक्टर मला जुनाट वाटत नाही.