विद्यापीठातला जागल्या : संरक्षण कुठे आहे, कुठे नाही

विद्यापीठातला गैरव्यवहार बाहेरच्या माणसाला क्वचितच दिसतो. तो दिसतो निविदेची फाइल हाताळणाऱ्या लिपिकाला, परीक्षा विभागातल्या कक्ष अधिकाऱ्याला, संशोधन प्रकल्पाची बिलं तपासणाऱ्या लेखापालाला. त्यांनी तोंड उघडलं तरच तो चव्हाट्यावर येतो. पण तोंड उघडणाऱ्याला कायद्याचा आधार किती, याबद्दल चुकीच्या समजुती फार आहेत, आणि त्यांची किंमत त्यालाच मोजावी लागते.

गैरसमज : २०१४ साली कायदा झाला, म्हणजे संरक्षण आहेच.

वस्तुस्थिती : जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला आणि मे २०१४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मात्र तो लागू करणारी अधिसूचना निघालीच नाही. तक्रारदाराला त्रास झाला, तर ती सूडाची कारवाई नव्हती हे प्रशासनाने सिद्ध करायचं, अशी मोलाची तरतूद त्यात आहे. तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैदही आहे. हे सगळं आज कागदावरच आहे. इतकी वर्षं मंजूर कायदा पडून राहणं ही अक्षम्य दिरंगाई आहे.

गैरसमज : मग केंद्रीय दक्षता आयोगाला पत्र टाकलं की झालं.

वस्तुस्थिती : महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. तरीही ते पत्र नावासकट इतर कार्यालयांत फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गया इथे त्यांची हत्या झाली आणि देशभर संताप उसळला. त्यानंतर एप्रिल २००४ मध्ये केंद्राने ठराव करून अशा तक्रारी घेण्याचं आणि नाव गुप्त ठेवण्याचं काम दक्षता आयोगाकडे दिलं. हा ठराव आजही चालू आहे, पण तो केंद्राच्या अखत्यारीतल्या संस्थांपुरता. केंद्रीय विद्यापीठ किंवा आयआयटीतला कर्मचारी त्याचा आधार घेऊ शकतो. मुंबई, सावित्रीबाई फुले पुणे किंवा शिवाजी विद्यापीठ ही राज्याची विद्यापीठं, त्यामुळे तिथल्या कारभाराबद्दलची तक्रार त्यात बसत नाही. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य विद्यापीठ कर्मचाऱ्यांना हे ठाऊकच नसतं.

गैरसमज : निनावी पत्र सगळ्यांत सुरक्षित.

वस्तुस्थिती : या ठरावाखाली निनावी तक्रार घेतलीच जात नाही. नाव-पत्ता पत्राच्या आत लिहायचा, बंद पाकिटावर नाही. पाकिटावर ही जनहितार्थ तक्रार असल्याचं नमूद करायचं. मजकुरातही ओळख पटेल असं काही नको. इथेच बहुतेकांचा घात होतो. ‘मी १२ तारखेच्या खरेदी समितीत हरकत घेतली होती’ असं एक वाक्य लिहिलं, की पाकीट कितीही बंद असो, कुलसचिव कार्यालयात नाव कळायला पाच मिनिटं लागतात. पत्राच्या प्रती मंत्र्यांना, पत्रकारांना पाठवल्या, तर गुप्ततेची हमी उरत नाही.

गैरसमज : प्राध्यापक आणि कुलगुरू सरकारी नोकर नाहीत, त्यांना लाचलुचपतीचा कायदा लागत नाही.

वस्तुस्थिती : भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये लोकसेवकाच्या व्याख्येत कुलगुरू, प्राध्यापक आणि विद्यापीठाचा प्रत्येक कर्मचारी स्पष्ट शब्दांत येतो. परीक्षेच्या कामासाठी बोलावलेली बाहेरची व्यक्तीही येते. अभिमत विद्यापीठही त्या कायद्यातलं विद्यापीठच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात ठरवलं. म्हणून राज्य विद्यापीठातल्या लाचेची तक्रार थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करता येते. त्यांचा टोल फ्री क्रमांक १०६४.

गैरसमज : सूड घेतला तर न्यायाधिकरण आहेच.

वस्तुस्थिती : आहे, पण त्याचं दार अरुंद आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाली तर न्यायाधिकरणात अपील करता येतं, तेही ३० दिवसांत. प्रत्यक्षात सूड इतक्या उघडपणे घेतला जात नाही. आधी टेबल बदलतं, मग गोपनीय अहवाल बिघडतो, मग जुन्या रजेवरून कारणे दाखवा नोटीस येते. अशा त्रासासाठी तक्रार निवारण समिती आहे, पण ती विद्यापीठाचीच. म्हणून तक्रार करण्यापूर्वीचे चांगले शेरे, आदेश आणि पोचपावत्या तारीखवार जपून ठेवाव्यात. पुढे तेच उपयोगी पडतात.

गैरसमज : आरोप सिद्ध झाला नाही तर तक्रारदारच अडकतो.

वस्तुस्थिती : जाणूनबुजून खोटी तक्रार करणं वेगळं आणि प्रामाणिक तक्रार पुराव्याअभावी न टिकणं वेगळं. चौकशी करणं हे लिपिकाचं काम नाही. त्याने पाहिलेलं नेमकेपणाने सांगावं. स्वतःच्या रखडलेल्या पदोन्नतीचं दुखणं मात्र त्याच पत्रात घालू नये, कारण मग सगळी तक्रारच वैयक्तिक ठरवून बाजूला ठेवली जाते.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला जागल्यांसाठी यंत्रणा ठेवणं कंपनी कायदा, २०१३ ने बंधनकारक केलं आहे. लाखो विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका आणि सार्वजनिक निधी सांभाळणाऱ्या राज्य विद्यापीठाने स्वतःहून असं धोरण करायला कोणाची आडकाठी आहे? कुलसचिवांच्या साखळीबाहेरचा तक्रार अधिकारी, नाव फोडल्यास शिस्तभंग, तक्रारीनंतरच्या प्रत्येक बदलीला लेखी कारण, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. अधिसभेत आणि व्यवस्थापन परिषदेत शिक्षकांचे प्रतिनिधी बसतात. त्यांनी पुढच्या बैठकीत हा ठराव मांडावा आणि कर्मचारी संघटनांनी त्यांच्यामागे उभं राहावं.