तलवारीने लिहिलेले कायदे

राज्ययंत्र बिघडले म्हणजे ते ताळ्यावर आणण्यास एखादा कठोर पुरुषच पाहिजे, अशी भाषा कित्येक सुशिक्षितांच्या तोंडीही ऐकू येते. त्यांनी रोमच्या सुलाचे चरित्र एकवार अवश्य वाचावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.

ल्यूशिअस कॉर्नेलिअस सुला हा इ. स. पू. १३८ मध्ये एका जुन्या पण निष्कांचन झालेल्या सरदार घराण्यात जन्मला. मारिअस सेनापतीच्या हाताखाली आफ्रिकेत असता इ. स. पू. १०५ मध्ये त्याने जुगुर्था राजास हस्तगत केले, व तेथून त्याचे नाव झाले. परंतु त्याच्या उत्कर्षाचे खरे बीज निराळेच होते. मारिअसने इ. स. पू. १०७ मध्ये निर्धन लोकांस सैन्यात घेतले. पण मोहीम संपल्यावर त्यांच्या पोटाची काळजी प्रजासत्ताकाने वाहिली नाही. अर्थात जो जमीन व लूट देईल तोच त्यांचा धनी! इ. स. पू. ८८ मध्ये सुला कॉन्सल असता मिथ्रिडेटीस राजावरील मोहीम त्याच्याकडून काढून मारिअसला देण्यात आली. तेव्हा सुलाने फौजेचे तोंड खुद्द रोमकडेच वळविले. एकाखेरीज सारे अंमलदार त्यास सोडून गेले. शिपाई मात्र हलले नाहीत.

पूर्वेकडून परतल्यावर यादवी जिंकून इ. स. पू. ८२ मध्ये तो डिक्टेटर झाला. या पदाची सहा महिन्यांची जुनी मर्यादा त्यास लागू राहिली नाही. वध्यांच्या याद्या चव्हाट्यावर लागल्या. मारेकऱ्यांस इनाम, मालमत्तेचा लिलाव, मुलानातवांस अधिकारपदे बंद. राजकारणापासून अलिप्त असलेल्या क्विंटस ऑरेलिअसचा जीव केवळ त्याच्या आल्बा येथील मळ्यापायी गेला, असे प्लूटार्क सांगतो.

इतके करून त्याने साधले काय? त्याने सेनेट वाढविली, ट्रिब्यूनांचे अधिकार छाटले, न्यायालयांची व्यवस्था लाविली; आणि इ. स. पू. ७८ मध्ये मरण्यापूर्वी सत्ता आपण होऊन सोडली, हेही आम्ही नाकारीत नाही. पण ट्रिब्यूनांचे अधिकार इ. स. पू. ७० मध्ये परत मिळाले, व ते देणारे पाँपी व क्रॅसस हे सुलाच्याच पक्षाचे! कायदे गेले, कित्ता मात्र राहिला. इ. स. पू. ४९ मध्ये सीझरने सैन्यासह रुबिकॉन ओलांडली, तेव्हा तो सुलाने पाडलेल्या वाटेनेच चालला होता.

लोकांची मने न वळविता भीतीने लादलेली सुधारणा दुसऱ्या तलवारीची वाट पाहत बसते. सुधारणेचा मार्ग लांबचा खरा. पण आडवाटेने गेलेल्या रोमास प्रजासत्ताक गमवावे लागले, हे आम्ही विसरता कामा नये.