गाडी नवी, गंज कुठला?

पाडवा आठवड्यावर आला की गाड्यांच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि प्रत्येक टेबलावर एक वाक्य हमखास ऐकू येते. "सर, अंडरबॉडी कोटिंग तेवढं करून घ्या. कंपनीतून गाडी खालून उघडीच येते. दोन पावसाळ्यांत पत्रा सडेल." समोरच्या कोटेशनवर एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर, विमा, फास्टॅग अशा ओळी असतात आणि त्यांच्या खाली एक भरभक्कम आकडा: 'प्रोटेक्शन पॅकेज'. त्यात गाडीखालचा काळा थर, सायलेन्सरचा थर, टेफ्लॉन किंवा सिरॅमिक, सीटवर मारायचा फवारा असे सगळे एकत्र बांधलेले असते. सप्टेंबर 2025मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. त्यानंतर तर "कर वाचला ना साहेब, त्यातच बसतं हे" असे सांगण्याची सोयही झाली.

दहा-बारा लाखांच्या व्यवहारात वीस-तीस हजारांची ओळ फारशी बोचत नाही. घरची मंडळी रंग ठरवण्यात गुंतलेली असतात, मुहूर्त जवळ आलेला असतो आणि नव्या गाडीच्या बाबतीत कंजुषी केली असे कुणाला वाटून घ्यायचे नसते. पॅकेज खपते ते या मनःस्थितीवर.

पण "खालून उघडी येते" हे सपशेल खोटे आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही ते इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जाते याचा आता वैताग यावा.

कारखान्यात काय होते ते एकदा नीट पाहू. आजच्या बहुतेक गाड्यांच्या सांगाड्यात जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा मोठ्या प्रमाणावर वापरतात. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते, त्यामुळे बारीक ओरखडा पडला तरी आतले पोलाद काही काळ सुरक्षित राहते. वेल्डिंग झालेला सांगाडा धुऊन, फॉस्फेटची प्रक्रिया करून, अख्खाच्या अख्खा रंगाच्या टाकीत बुडवतात. या टाकीत पाण्यात मिसळलेला प्रायमर असतो आणि त्यातून काहीशे व्होल्टचा वीजप्रवाह सोडलेला असतो. प्रायमरचे कण पत्र्याकडे ओढले जाऊन चिकटतात. गंमत पुढेच आहे. जिथे थर बसला तिथे वीज अडते, मग ती उघड्या राहिलेल्या जागेकडे वळते आणि रंगही तिकडे जातो. म्हणून दाराच्या पोकळीत, दाराखालच्या सिलच्या आत, जिथे फवाऱ्याची नळी कधीच पोहोचणार नाही अशा सांदीकोपऱ्यांतही प्रायमर बसतो. त्यानंतर सांगाडा दीडशे अंशांहून अधिक तापमानाच्या भट्टीत भाजला जातो. ही पद्धत आजच्या रूपात अमेरिकेच्या पीपीजी कंपनीने 1976मध्ये मोटारींसाठी आणली आणि पुढे जगभरच्या कारखान्यांत ती रुळली.

एवढ्यावर काम संपत नाही. सांध्यांमध्ये सीलंट भरतात, चाकांच्या वरच्या भागात आणि गाडीखाली जिथे खडे उडतात तिथे पीव्हीसीचा जाड थर देतात, अनेक मॉडेलांत पोकळ भागांत मेणही सोडतात आणि वरून प्लॅस्टिकची आवरणे बसवतात. शंका असेल त्याने डिलिव्हरीपूर्वी गाडी रॅम्पवर चढवायला सांगावी आणि खाली वाकून पाहावे. राखाडी किंवा काळसर, थोडा खरबरीत, नखाने दाबल्यास किंचित रबरी लागणारा जो थर दिसतो, तो कंपनीचा. त्याचे पैसे एक्स-शोरूम किमतीत आधीच भरलेले आहेत.

आता शोरूमवाला काय करतो? बहुतेक ठिकाणी वर्कशॉपच्या मागे कंत्राटदाराची मुले गाडी उचलतात आणि डांबराच्या किंवा रबराच्या जातीचा काळा द्रव फवारतात. तो दिसतो त्या भागावर बसतो. गंज मात्र दिसतो त्या भागात सुरू होत नाही. त्याची सुरुवात पत्र्याच्या जोडांत, पोकळ सिलमध्ये, दाराच्या तळाशी साचलेल्या चिखलात होते. तिथे हा फवारा जात नाही. उलट घाईने काम झाले तर पाणी निथळून जाण्यासाठी कारखान्याने ठेवलेली भोकेच बुजतात. ओलसर किंवा धुळकट पत्र्यावर थर बसला तर ओल त्याच्याखाली कोंडली जाते आणि थर वरून छान काळा दिसत असताना आत पत्रा गंजू लागतो. म्हणजे ज्याच्या भीतीने पैसे भरले, तेच घडते.

हे केवळ टीकाकारांचे म्हणणे नाही. जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या वॉरंटी पुस्तिकांत स्पष्ट इशारा असे: गाडी तयार झाल्यावर बाहेरून केलेल्या काही गंजरोधक प्रक्रियांमुळे गाडीची मूळ गंजरोधक क्षमता कमी होऊ शकते आणि त्यातून झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. ग्राहकांसाठी गाड्या तपासणारी 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही अमेरिकी संस्थाही डीलरकडचे रस्टप्रूफिंग घेऊ नका असे वर्षानुवर्षे सांगत आली आहे. काळ्या थराचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. खालून उडणाऱ्या खडीचा आवाज थोडा दबतो. तेवढ्यासाठी कुणाला पैसे द्यायचे असतील तर जरूर द्यावेत, पण ते आवाजासाठी आहेत हे समजून.

ही भीती आली कुठून, हेही पाहायला हवे, कारण ती एके काळी खरी होती. प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बॅसॅडर बाळगलेल्या घरांत दाराचा तळ सडणे, पायाखालचा पत्रा बदलून घेणे, दर एक-दोन वर्षांनी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाणे हे चालायचेच. तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी दिलेला सल्ला तेव्हाच्या पत्र्याला धरून होता. दुसरा सल्ला परदेशातून येतो. टोरंटो किंवा शिकागोला राहणारा भाचा फोनवर सांगतो, "मामा, अंडरकोटिंग मस्ट आहे." तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते खारे पाणी महिनोन्‌महिने गाडीखाली उडत राहते. सोलापूर किंवा नागपूरच्या रस्त्यावर मीठ कोण टाकतो?

कोकण आणि गोव्याचे मात्र तसे नाही. मालवण, रत्नागिरी, अलिबाग, मुंबईचा किनारा इथे हवेतच खारटपणा असतो. त्यात हौशी पर्यटक काशीद किंवा दापोलीच्या पुळणीवर गाडी उतरवतात, लाटांत फोटो काढतात आणि कधी रुततातही. समुद्राचे पाणी गाडीखाली गेले असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून स्वच्छ धुऊन घेणे हा स्वस्त आणि खरा उपाय आहे. किनाऱ्यावर कायम राहणाऱ्याने वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, गाडी रॅम्पवर घेऊन पाहावी, भोके मोकळी आहेत ना ते तपासावे आणि खडी लागून थर उडालेल्या जागा भरून घ्याव्यात. पोकळ भागांत मेण किंवा तेलाच्या जातीचे संरक्षक सोडणारा जाणकार मिळाला तर तोही उपयोगाचा. पण डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी घाईघाईत मारलेला काळा फवारा म्हणजे हे काम नव्हे.

याच गैरसमजाची एक शेपटी आहे: "कोटिंग नसेल तर गंजाची वॉरंटी मिळत नाही." हे ऐकताच गाडीसोबत येणारी वॉरंटी पुस्तिका मागावी आणि तसे कुठे छापले आहे ते दाखवायला सांगावे. पुस्तिकेत सहसा वेगळेच सापडते. खडीचे ओरखडे, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, रसायने यांमुळे झालेले नुकसान कंपनी भरून देत नाही, एवढेच तिथे असते. कोटिंगच्या 'पाच वर्षांच्या गॅरंटी'चे कार्ड गाडीच्या कंपनीचे नाही, कोटिंगवाल्याचे असते, आणि त्याच्या मागच्या बारीक अक्षरांत ठरावीक मुदतीने तपासणीला येऊन शिक्का घ्यायची अट असते. एक शिक्का चुकला की कार्डाचा कागद होतो.

टेफ्लॉनची कथा थोडक्यात. हे डूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत 1938मध्ये सापडलेले प्लॅस्टिक आहे आणि ते 327 अंश सेल्सिअसला वितळते. तव्यावर बसवताना ते याहून जास्त तापमानाला भाजतात, तेव्हा ते धरते. शोरूममध्ये ते पॉलिशच्या यंत्राने रंगावर घासतात. त्याने येते ती चकाकी मेणाची आणि पॉलिशची, ती काही महिन्यांत जाते. शिवाय कारखान्यातल्या भट्टीतून निघालेल्या कोऱ्या करकरीत रंगाला पहिल्याच दिवशी पॉलिश कशाला, हाही प्रश्न आहेच.

सिरॅमिक कोटिंगला इतके उडवून लावता येत नाही. चांगल्या हाताने केले तर पाणी थेंब होऊन घरंगळते, धूळ पटकन निघते, पक्ष्यांच्या विष्ठेचा डाग धरायला थोडा वेळ लागतो. गडबड आहे ती '9एच'च्या दाव्यात. "9एच म्हणजे जवळजवळ हिऱ्यासारखं" असे सांगताना खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीचा आधार घेतल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात 9एच ही पेन्सिलीची श्रेणी आहे. ठरावीक कोनात, ठरावीक वजनाने पेन्सिल थरावर ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उमटतो ते पाहतात. मोह्सच्या पट्टीवर सातव्या क्रमांकाची वाळू, म्हणजे आपल्या रस्त्यावरची धूळ, या थराला सहज ओरखडते. थर असतो एक-दोन मायक्रॉनचा, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. सोसायटीच्या बोअरवेलच्या जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात सुकवली तर सिरॅमिकवरही पांढरे डाग पडतात. खडी आणि ओरखडे यांपासून खरे संरक्षण देते ती पीपीएफ, म्हणजे दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. ती महाग असते. घ्यायचीच असेल तर अख्ख्या गाडीला गुंडाळण्यापेक्षा बंपर, बॉनेटची पुढची कड आणि दाराच्या मुठीखालची जागा एवढ्यापुरती घेतली तरी पुष्कळ काम होते. दोन्ही कामे शोरूमबाहेरच्या डिटेलिंगवाल्याकडे स्वतः पाहून, भाव करून घेता येतात.

उरलेल्या गोष्टी झटपट. सायलेन्सर प्रामुख्याने आतून गंजतो, धुरातल्या वाफेचे आम्लधर्मी पाणी होऊन, त्यामुळे बाहेरच्या थराचा फारसा उपयोग नाही. टायरमधल्या नायट्रोजनसाठी पैसे देण्यापूर्वी साध्या हवेत तो 78 टक्के असतोच हे आठवावे. उंदीर पळवणाऱ्या फवाऱ्याचा वास उडून जातो, उंदीर पार्किंगमध्येच राहतो.

विम्याबाबतची दमदाटी मात्र एका ओळीत संपण्यासारखी नाही. "विमा आमच्याकडूनच घ्यावा लागतो, नाहीतर कॅशलेस मिळणार नाही." नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 1 सप्टेंबर 2018पासून सक्तीचा आहे, हे खरे. तो कुणाकडून घ्यायचा याची सक्ती कुठेही नाही. विमा नियामक 'आयआरडीएआय'ची विमा विकणाऱ्या डीलरांसाठीची नियमावली 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाली आणि ग्राहकावर ठरावीक कंपनीचा विमा लादायला तिने मनाई केली. कॅशलेस हा विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातला करार असतो. बाहेरून घेतलेल्या कंपनीच्या यादीत तेच वर्कशॉप असेल तर तिथेच कॅशलेस मिळते. ती यादी पॉलिसी घेण्यापूर्वीच पाहता येते.

"बाहेर हात लावला की वॉरंटी संपली" हेही असेच अर्धसत्य. ऑगस्ट 2014मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या प्रकरणात 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजात दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरतीच नाकारा, असेही त्याच आदेशात सांगितले. दंडावरून प्रकरण पुढे अपिलात लढले गेले. व्यवहारात लक्षात ठेवायचे ते एवढेच, की बाहेरून बसवलेला कॅमेरा गाडीच्या तयार कपलरला जोडणे आणि वायर कापून जोडणे यांत फरक आहे. वायर कापली तर त्या भागाच्या वॉरंटीवर वाद होणारच.

कोटेशनमधल्या सगळ्याच जादा ओळी खोडायच्या असे मात्र नाही. गाडी पाच-सात वर्षे ठेवणाऱ्याने वाढीव वॉरंटीचा विचार जरूर करावा, विशेषतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो किंवा महागडी इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीत. ती गाडीच्या कंपनीची आहे की तिऱ्हाईत विमावाल्याची, हे मात्र आधी विचारावे. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती घेऊ देतात, उशीर झाला की भाव थोडा चढतो, त्यामुळे बुकिंगच्या टेबलावर निर्णय घ्यायची घाई नसते. मूळ वॉरंटी किती आहे हेही पाहावे. मारुती सुझुकीने ती जुलै 2024मध्ये दोन वर्षे-40,000 किलोमीटरवरून तीन वर्षे-एक लाख किलोमीटर केली.

राहता राहिले शेवटचे अस्त्र: "गाडीला कोटिंग आधीच झालंय सर, आता काढता येत नाही." कोएन बंधूंच्या 1996च्या 'फार्गो' चित्रपटात मिनेसोटातला गाडीविक्रेता नको म्हटलेल्या गिऱ्हाइकाच्या माथी 'ट्रूकोट' नावाचे कोटिंग असेच मारतो. गिऱ्हाइकाने न मागितलेल्या गोष्टीचे पैसे मागता येत नाहीत, आणि एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची अट घालणे ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार निर्बंधात्मक व्यापारपद्धती ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्याची वेळ सहसा येत नाही. बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी फॉर्मवरच "पॅकेज, कोटिंग, अॅक्सेसरी किट नको, गाडीवर कोणतेही काम करण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी" असे लिहून मॅनेजरची सही घेतली आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढला, की बहुतेक शोरूममध्ये ती ओळ नव्या कोटेशनमधून निमूटपणे गायब होते.